गाण्याची फाइल बदलताना त्याचे नावगाव कसे टिकवावे

माझ्या वडिलांनी सांगली-मिरजेत ध्वनिमुद्रित केलेल्या मैफलींच्या कॅसेटी सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरी तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात होत्या. प्रत्येक कॅसेटच्या डबीत घडी घातलेला एक कागद असे आणि त्यावर निळ्या शाईत राग, ताल, गायकाचे नाव, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, ठिकाण आणि तारीख एवढे सगळे लिहिलेले असे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे), तेव्हा ते कपाट चार दिवस पाण्याखाली होते. कॅसेटी गेल्या आणि कागदही गेले. त्याआधी दोन वर्षे मी बहुतेक कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या होत्या आणि कागदांवरचा मजकूर त्या त्या फाइलीच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलीतच माहितीसाठी असलेल्या रकान्यांत, लिहून ठेवला होता. त्यामुळे कोणत्या रात्री कोण काय गायले, ही माहिती आता फक्त त्या टॅगमध्येच उरली होती.

२०२१ मध्ये ती पुसण्याचे काम मी स्वतःच्या हाताने केले. भाच्याला ही ध्वनिमुद्रणे गाडीत ऐकायची होती. त्याच्या गाडीतला स्टिरिओ पेन ड्राइव्हवरच्या फक्त एमपीथ्री फाइली वाजवत असे आणि माझा संग्रह मुख्यतः फ्लॅक या, आवाजात काटछाट न करता तो साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये होता. इंटरनेटवरून उतरवलेल्या एका फुकटच्या जुन्या प्रोग्रॅमला मी सगळा फोल्डर दिला आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा ३१२ फाइली तयार होत्या आणि आवाजाला नाव ठेवायला जागा नव्हती, पण जिथे नावे असायला हवी होती तिथे प्रश्नचिन्हांच्या रांगा लागल्या होत्या. राग, ताल आणि साथ हे मी स्वतः जोडलेले रकाने तर नव्या फाइलींमध्ये आलेच नव्हते. फ्लॅकच्या मूळ फाइली शाबूत असल्यामुळे बहुतेक संग्रह वाचला. मात्र अगदी सुरुवातीला, हात बसलेला नसताना, अकरा कॅसेटी मी थेट एमपीथ्रीमध्येच उतरवल्या होत्या, आणि त्यांच्या बाबतीत नवी फाइल त्याच नावाने जुन्या फाइलीवर चढली. त्या अकरांकडे नंतर येऊ. आधी हे असे का घडते ते पाहू, कारण कारण कळले की उपायही बराचसा आपोआप सुचतो.

गाण्याच्या फाइलीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र नांदत असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष ध्वनी, आणि दुसरी म्हणजे त्या ध्वनीविषयीची माहिती, जिला मेटाडेटा किंवा बोलीभाषेत टॅग म्हणतात. सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला आलेल्या हळदीचे उदाहरण घ्यावे. हळकुंड मोडले की आतला रंग कळतो आणि जाणकार त्यावरून भावही ठरवतो. पण ते हळकुंड कोणाच्या शेतातले आहे हे ते मोडून कधीच कळत नाही, त्यासाठी पोत्यावर काय लिहिले आहे तेच पाहावे लागते. माल एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात ओतला की हळद पूर्ण येते, पण जुन्या पोत्यावरचे नाव जुन्या पोत्यावरच राहते. ते नव्या पोत्यावर कोणीतरी मुद्दाम लिहावे लागते. फाइल कन्व्हर्ट करणे म्हणजे नेमके हेच पोते बदलणे होय, आणि कन्व्हर्टर नावाचा हमाल ओतण्यात कितीही वाकबगार असला तरी लिहिण्याच्या बाबतीत तो तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

ध्वनी आणि माहिती खरोखरच किती अलग असतात, याचा पुरावा फ्लॅकच्या फाइलीत पाहायला मिळतो. या फॉरमॅटच्या फाइलीच्या सुरुवातीला, आतल्या मूळ ध्वनीवरून गणिताने काढलेला १६ बाइटांचा (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचे छोटे माप) एक ठसा नोंदवलेला असतो. टॅगमध्ये कितीही खाडाखोड केली, गायकाचे नाव बदलले, चित्र काढून टाकले, तरी तो ठसा तसूभरही बदलत नाही, कारण तो फक्त ध्वनीचा असतो. याचा उलटा अर्थ थोडा धास्ती वाटावी असा आहे: ‘ध्वनीची तपासणी यशस्वी’ असा निर्वाळा मिळालेल्या फाइलीतले सगळे नावगाव नाहीसे झालेले असू शकते आणि तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला त्याचे काहीही सोयरसुतक नसते.

आता प्रत्येक फॉरमॅटने ही माहिती ठेवण्याची आपापली पद्धत बनवली आहे, आणि गोंधळाची मुळे इथे आहेत. एमपीथ्रीच्या फाइलीत आयडीथ्री नावाची पद्धत चालते; तिच्यात शीर्षकाच्या रकान्याचे नाव ‘टीआयटी२’ आणि गायकाच्या रकान्याचे ‘टीपीई१’ असे असते. फ्लॅकमध्ये हीच माहिती ‘टायटल’ आणि ‘आर्टिस्ट’ अशा सरळ इंग्रजी शब्दांपुढे बरोबरीचे चिन्ह देऊन लिहिलेली असते. आयफोनवाल्यांच्या परिचयाच्या एमफोरए फाइलीत रकान्याचे नाव वर्तुळातल्या सी या अक्षराने सुरू होते आणि पुढे तीन रोमन अक्षरे येतात. तेव्हा एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात जाताना कन्व्हर्टरला प्रत्येक रकाना ओळखून त्याचा दुसऱ्या बाजूचा जोडीदार शोधावा लागतो. शीर्षक, गायक, अल्बम, वर्ष, क्रमांक यांचे जोडीदार सर्वत्र ठरलेले असल्यामुळे धड कन्व्हर्टर त्यांना नीट पोहोचवतो. ज्याचा ठरलेला जोडीदार नाही, तो रकाना वाटेत गळण्याची शक्यता असते.

आपल्या संगीताची अडचण अशी की आपल्याला ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात त्यांतल्या निम्म्या गोष्टींना ठरलेला रकानाच नाही. आयडीथ्रीमध्ये संगीतकार आणि गीतकार या दोघांना स्वतंत्र जागा आहे, परंतु राग, ताल, तबलासाथ, पेटीची साथ, घराणे, मैफलीचे ठिकाण यांना नाही. फ्लॅकमध्ये रकान्याला कोणतेही नाव देता येते, म्हणून मी ‘राग’ आणि ‘साथ’ असे रकाने रोमन लिपीतल्या नावांनी खुशाल बनवले होते. एमपीथ्रीमध्येही ‘वापरणाऱ्याने स्वतः ठरवलेला मजकूर’ अशी एक राखीव जागा असते आणि चांगला कन्व्हर्टर असे रकाने त्या जागेत नेऊन ठेवतो. एफएफएमपेग हे मुक्त साधन अनेक कन्व्हर्टरांच्या पोटात काम करत असते. फ्लॅकवरून एमपीथ्री करताना ते स्वतः बनवलेले रकाने सांभाळते, पण फ्लॅकवरून एमफोरए करताना, वेगळी सूचना दिली नाही तर, अनोळखी रकाने गुपचूप सोडून देते. म्हणजे साधन तेच, मूळ फाइल तीच, केवळ मुक्कामाचे गाव बदलले की सामान कमी होते. आणि सामान कमी झाल्याची कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही.

प्रश्नचिन्हे का आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एमपीथ्रीच्या मूळ रचनेत गाण्याचे नाव ठेवण्याची सोयच नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी एक युक्ती काढली: फाइलीच्या अगदी शेपटाला १२८ बाइट जोडायचे, त्यांतले पहिले तीन ‘टॅग’ या शब्दाच्या तीन रोमन अक्षरांचे, मग शीर्षकाला ३०, गायकाला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि गीतप्रकाराला १. इंग्रजी गाण्यांच्या नावांसाठीसुद्धा ही जागा तोकडी होती. देवनागरीचा तर विचारच त्यात नव्हता.

किती तोकडी, ते ‘बागेश्री’ या एका शब्दावर पाहू. डोळ्यांना ती तीन अक्षरे दिसतात: बा, गे, श्री. संगणकाच्या हिशेबाने मात्र ती आठ चिन्हे आहेत: ब, काना, ग, मात्रा, श, हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या आज सर्वत्र चालणाऱ्या लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एका ‘बागेश्री’ला २४ बाइट झाले. पुढे एक मोकळी जागा सोडून ‘विलंबित’ लिहायचे ठरवले, तर २५ बाइट संपले, ‘व’ला आणखी ३ गेले, आणि उरलेल्या दोन बाइटांत पहिली वेलांटीही मावत नाही. ज्या प्रोग्रॅमने तरीही तिथे देवनागरी कोंबली, त्याने वेलांटीचा दोन-तृतीयांश तुकडा लिहून नाव तिथेच छाटले. जुन्या संग्रहांमध्ये नावाच्या शेवटी काळा चौकोन किंवा तुटके चिन्ह दिसते, त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

१९९८ पासून आयडीथ्रीची दुसरी पिढी आली. ती फाइलीच्या सुरुवातीला बसते, तिच्यात नावाच्या लांबीची अडचण नाही आणि युनिकोडही, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक चिन्हव्यवस्थाही, चालते. तरीही तिच्यात दोन पोटभेद पडले आणि ते आजपर्यंत त्रास देतात. १९९९ च्या २.३ या आवृत्तीत मजकूर लिहिण्याचे दोन पर्याय आहेत: पश्चिम युरोपीय भाषांपुरती लॅटिन पद्धत आणि युनिकोडची यूटीएफ-१६ ही पद्धत. २००० सालच्या २.४ आवृत्तीत यूटीएफ-८ ची भर पडली आणि काही रकानेही बदलले; उदाहरणार्थ वर्षाचा जुना रकाना जाऊन त्याच्या जागी पूर्ण तारखेचा नवा रकाना आला. गाड्यांमधले बरेच जुने स्टिरिओ आणि विंडोजच्या जुन्या आवृत्त्या २.३ एवढेच जाणतात. त्यांच्यापुढे २.४ ची फाइल आली की नाव दिसत नाही किंवा निदान वर्ष कोरे राहते, आणि माणसाला वाटते की माहिती हरवली. प्रत्यक्षात ती फाइलीतच असते, वाचणाऱ्याला ती लिपी येत नसते एवढेच. एफएफएमपेग एमपीथ्री बनवताना सांगितल्याशिवाय २.४ लिहिते. गाडीत वाजवायच्या फाइलींसाठी २.३ आणि यूटीएफ-१६ हा जोड निवडावा, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे.

माझ्या त्या प्रोग्रॅमने यांपैकी काहीच केले नाही. त्याने देवनागरी मजकूर लॅटिन पद्धतीत लिहिण्याचा प्रयत्न केला, त्या पद्धतीत ‘ब’ नावाचे चिन्हच नसल्यामुळे प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह टाकले आणि काम झाल्याचे हसतमुखाने कळवले.

इथे एक निदान शिकून ठेवण्यासारखे आहे. नावाच्या जागी भलतेच काही दिसले, तर आधी ते कोणत्या जातीचे भलतेच आहे ते पाहावे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असेल आणि त्याच्या शेजारी जपानी येनचे किंवा चार टोके फुटलेल्या वर्तुळासारखे चिन्ह असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिल्या दोन बाइटांना कोणीतरी लॅटिन समजून वाचले की हीच रूपे दिसतात. बाइट जसेच्या तसे आहेत, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे, आणि ती दुरुस्त केली की ‘बागेश्री’ पुन्हा उमटते. युनिकोड जाणणाऱ्या प्रोग्रॅममध्येही प्रश्नचिन्हेच दिसत असतील तर मात्र मूळ बाइट पुसून त्यांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिली गेली आहेत आणि कोणतेही साधन त्यांतून नाव परत काढू शकत नाही. पहिल्या प्रकारात फाइलीला आणखी हात न लावणे हाच मोठा उपाय असतो, कारण तशा फाइली ‘एकदा पुन्हा कन्व्हर्ट करून पाहू’ म्हणून दुसऱ्या प्रोग्रॅमला दिल्या की पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जायला वेळ लागत नाही.

मराठी माणसाच्या वाट्याला याखेरीज एक वेगळाच प्रकार येतो. अनेकांकडे गाण्यांच्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेली अक्षरे रोमनच असतात आणि फॉन्ट त्यांना मराठीचा अंगरखा घालतो. तो मजकूर टॅगमध्ये चिकटवला की अंगरखा उतरतो आणि आतली अर्थहीन रोमन अक्षरे उघडी पडतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी आणि मगच टॅगमध्ये न्यावी. युनिकोडमध्येही बारीक गमती आहेत. मैफलीचे ठिकाण ‘कऱ्हाड’ असे लिहिताना त्यातला ऱ हा एकसंध चिन्ह म्हणून टाइप करता येतो, किंवा साध्या र खाली नुक्ता देऊनही बनवता येतो. पडद्यावर दोन्ही कऱ्हाड सारखेच दिसतात, पण त्यांचे बाइट वेगळे असल्यामुळे काही प्लेअर त्यांना दोन वेगळी गावे समजतात आणि शोध घेतला की निम्म्याच मैफली समोर येतात.

गायकांच्या नावांचेही तेच. पलूस तालुक्यातल्या नागठाण्यात १८८८ मध्ये जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांना सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो. पण एखाद्या संग्रहात ‘बालगंधर्व’, ‘बाल गंधर्व’, ‘राजहंस’ आणि रोमन लिपीतले दोन-तीन प्रकार असे सगळे असले, तर प्लेअरच्या दृष्टीने ते पाच-सहा वेगवेगळे कलाकार ठरतात. ही साफसफाई कन्व्हर्ट करण्यापूर्वी मूळ फाइलीतच करावी. नंतर केली तर ती दोन ठिकाणी करावी लागते आणि एका ठिकाणी हमखास राहून जाते.

जुगलबंदी असेल तर गुंता वाढतो. फ्लॅकमध्ये ‘आर्टिस्ट’ हा रकाना दोनदा लिहून दोन गायकांची नावे स्वतंत्र ठेवता येतात. आयडीथ्रीच्या २.३ आवृत्तीत एकाच रकान्यात तिरकी रेघ मारून नावे लिहिण्याची रीत आहे. कन्व्हर्टरने ही रीत पाळली नाही, तर दोन्ही नावे चिकटून एकच लांबलचक गायक तयार होतो, किंवा पहिले नाव राहून दुसऱ्या गायकाला मैफलीतून उठवले जाते. अनेक गायकांची पदे असलेल्या नाट्यसंगीताच्या संचात ‘अल्बमचा कलाकार’ हा वेगळा रकाना भरून ठेवावा. तो रिकामा राहिला किंवा वाटेत गळला, तर एकच संच प्लेअरमध्ये गायकागणिक फुटून आठ ठिकाणी विखुरतो.

क्रमांकाचा रकाना लोकांना किरकोळ वाटतो, पण तो हरवल्याची शिक्षा मी भाच्याच्या गाडीत सांगली ते सातारा भोगली आहे. क्रमांक नसला की बहुतेक प्लेअर नावांच्या अकारविल्हेने फाइली वाजवतात. माझ्याकडे एकाच रागाचे दोन भाग दोन फाइलींत होते, एकाचे नाव ‘विलंबित’ने सुरू होणारे आणि दुसऱ्याचे ‘द्रुत’ने. वर्णमालेत द हा व च्या आधी येतो, त्यामुळे प्रत्येक मैफल द्रुत तानांनी सुरू होऊन संथ आलापीत विरत होती. भाच्याला काही खटकले नाही. मला मात्र काशीळ येईपर्यंत बोलवेना.

वेव्ह या फॉरमॅटविषयी स्वतंत्र सावधगिरी हवी, कारण नकळत तिथेच सर्वांत जास्त माहिती गळते. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेल्या या रचनेत माहितीसाठी एक छोटा खण आहे, पण त्यातला मजकूर कोणत्या लेखनपद्धतीत आहे हे नोंदवण्याची नीट सोय नाही आणि पुष्कळ प्रोग्रॅम त्या खणाकडे पाहतही नाहीत. एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात थेट जाता येत नाही असे समजून बरेच जण मध्ये वेव्हचा थांबा घेतात. ध्वनी त्या थांब्यावरून सुखरूप पुढे जातो, पण सामान बहुधा तिथेच राहते. हा थांबा टाळता येत असेल तर टाळावा. ध्वनीत काही दुरुस्ती करायची म्हणून तो घ्यावाच लागला, तर टॅग नंतर मूळ फाइलीवरून पुन्हा आणावे लागतील असे धरूनच चालावे.

सीडीवरून गाणी उतरवणाऱ्यांचा एक गैरसमज इथे दूर करतो. बाजारातल्या बहुतेक ध्वनिसीडींवर गाण्यांची नावे लिहिलेलीच नसतात. सीडी संगणकात घातल्यावर नावे झळकतात ती इंटरनेटवरच्या म्युझिकब्रेन्झसारख्या सामायिक नोंदसंग्रहातून येतात. मराठी सीडींच्या नोंदी कोणीतरी भरल्या असतील तर त्या मिळतात, नाहीतर ‘ट्रॅक ०१’ दिसते. अशा वेळी आपणच नोंद भरावी. पुढच्या माणसाचे श्रम वाचतात. म्युझिकब्रेन्झचा पिकार्ड हा प्रोग्रॅम ध्वनीच्या ठशावरून गाणे ओळखण्याचाही प्रयत्न करतो आणि प्रकाशित गाण्यांच्या बाबतीत तो कामाला येतो. घरगुती मैफलीची नोंद जगात कुठेच नसल्यामुळे तिथे त्याचा काही उपयोग नाही.

मुखपृष्ठाच्या चित्राबद्दल थोडक्यात. चित्र फाइलीच्या आत असेल तर ते बहुधा सोबत येते, मात्र एफएफएमपेगला ते चित्रफितीचा प्रवाह वाटतो, म्हणून ‘चित्रफीत नको’ अशी सूचना दिली की मुखपृष्ठही जाते. चित्र फोल्डरमध्ये वेगळे ठेवलेले असेल तर ते जागचे हलत नाही. ते हाताने नेऊन ठेवावे. फार मोठे चित्र घातलेली फाइल काही जुन्या स्टिरिओंना पेलवत नाही, तेव्हा पाचशे पिक्सेलच्या आसपासचे चित्र पुरे होते.

आता मी प्रत्यक्षात काय करतो ते सांगतो. विंडोजवर माझा भर फूबार २००० या प्लेअरच्या कन्व्हर्टरवर आहे, कारण टॅग आणि चित्रे न्यायची की नाही हे त्यात स्पष्ट विचारलेले असते. कोणतेही साधन असो, संपूर्ण फोल्डर त्याच्या हवाली करण्यापूर्वी मी एक चाचणीची फाइल पाठवतो. ती मुद्दाम अवघड बनवलेली असते: शीर्षक देवनागरीत आणि लांब, गायक दोन, शेऱ्यात जोडाक्षरांनी गच्च भरलेले एक वाक्य, ‘राग’ आणि ‘साथ’ हे स्वतः बनवलेले रकाने, क्रमांक ‘१२ पैकी ३’ असा, आणि एक चित्र. ती पलीकडे गेली की एमपीथ्री टॅग या प्रोग्रॅममध्ये उघडून प्रत्येक रकाना मूळ फाइलीशी ताडून पाहतो, आणि मग जिथे वाजवायची त्याच यंत्रावर, म्हणजे गाडीत किंवा फोनवर, वाजवून पाहतो. हे दहा मिनिटांचे काम आहे. नवी फाइल नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये बनवायची, ही अट मी आता कोणत्याही प्रोग्रॅमवर सोपवत नाही.

कन्व्हर्टर कितीही गचाळ असला तरी टॅग नंतर आणता येतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एमपीथ्री टॅगमध्ये मूळ फाइली निवडून त्यांचे टॅग कॉपी करता येतात आणि तितक्याच नव्या फाइली त्याच क्रमाने निवडून त्यांवर पेस्ट करता येतात. क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावा; एक फाइल जरी इकडची तिकडे झाली तरी तिच्यापुढच्या सगळ्या गायकांची अदलाबदल होते. याच प्रोग्रॅममधून सगळ्या संग्रहाचे टॅग एका मजकूर फाइलीत यादी म्हणून काढून ठेवता येतात. ती यादी मी वर्षातून दोनदा काढतो आणि तिची एक छापील प्रतही ठेवतो, वरच्या मजल्यावर. ती एक्सेलमध्ये उघडल्यावर देवनागरीऐवजी मघाचा तो तिरक्या रेघेचा रोमन ए दिसला, तर यादी बिघडलेली नसते. आयात करताना यूटीएफ-८ निवडले की सगळे जागेवर येते.

स्वतः बनवलेल्या रकान्यांच्या बाबतीत मी आता दुहेरी नोंद ठेवतो. राग, ताल आणि साथ त्यांच्या रकान्यांत तर असतातच, शिवाय तोच मजकूर एका ओळीत शेऱ्याच्या रकान्यातही लिहितो, कारण शेऱ्याला जवळजवळ सर्वत्र जोडीदार आहे. फाइलीच्या नावातही राग, ठिकाण आणि वर्ष घालतो. टापटीप आवडणाऱ्यांना ही पुनरुक्ती खटकेल. मला ती पुरानंतर खटकेनाशी झाली आहे.

ध्वनीबद्दल एकच सांगतो, कारण हा प्रश्न सोबत येतोच. एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवल्याने आवाज सुधारत नाही, फाइल फक्त फुगते. आणि एमपीथ्रीवरून एमफोरए केल्यास आवाज आणखी थोडा झिजतो. म्हणून मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवावी आणि लागेल तेव्हा तिच्यावरून एमपीथ्री काढावी, एमपीथ्रीवरून पुढची प्रत काढू नये. टॅगचा सर्वांत भरलेला संचही मग आपोआप एकाच ठिकाणी राहतो.

राहिल्या त्या अकरा फाइली. नऊ मैफलींची माहिती मला तोंडपाठ होती किंवा वडिलांच्या स्नेह्यांना विचारून जुळवता आली; एकीचे गायक आवाजावरूनच ओळखू आले. उरलेल्या दोन फाइलींपैकी एकीत गायक ठाऊक आहे, राग कानाला कळतो, ठिकाण मिरज हेही निश्चित आहे, पण शेऱ्याच्या रकान्यात तबलजीच्या नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हे, मग एक मोकळी जागा आणि मग पाच प्रश्नचिन्हे आहेत. जितकी चिन्हे तितकीच प्रश्नचिन्हे पडतात आणि मोकळी जागा तशीच राहते, त्यामुळे नावाचे माप तेवढे उरले आहे: काना, मात्रा, वेलांट्या धरून पहिला शब्द सहा चिन्हांचा आणि दुसरा पाचांचा. त्या काळी मिरजेत साथ करणाऱ्या, माझ्या ऐकिवातल्या तबलजींपैकी दोघांची नावे या मापात बसतात. दोन्ही नावे मी कागदावर लिहून ठेवली आहेत. टॅगमध्ये अजून कोणाचेच लिहिलेले नाही.